मॉर्टसेफ : सहा आठवड्यांची हमी, लोखंडात

स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत दोन कबरी लोखंडी पिंजऱ्यात आहेत. हे मॉर्टसेफ, म्हणजे प्रेतचोरांपासून कबर राखणारं लोखंड. त्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो तेव्हा खाली हमखास लिहिलेलं असतं, की मेलेल्यानं उठून बाहेर येऊ नये म्हणून हा बंदोबस्त. मेलेल्याला कोण भितंय! भीती होती ती दहाएक मिनिटांच्या चालीवरच्या सर्जन्स स्क्वेअरची. तिथे १८२८ च्या सुमारास १० नंबरच्या घरात डॉ. रॉबर्ट नॉक्स शरीररचना शिकवत. वर्गात पाचशेच्या आसपास विद्यार्थी, आणि ताज्या प्रेताचा भाव उन्हाळ्यात ८ पौंड, हिवाळ्यात १०.

भावातला हा दोन पौंडांचा फरक लक्षात असू द्या. प्रेत हा नासका माल. रसायनात मुरवून महिनोन्‌महिने ठेवायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून विच्छेदनाचे वर्ग थंडीत भरत आणि थंडीतल्या मालाला जास्त दाम मिळे. अमुक दिवसांनंतर मात्र तोच माल कुणी फुकट दिला तरी घेत नसे. मॉर्टसेफ नावाची वस्तू उभी आहे ती या 'अमुक दिवसांवर'. म्हणून तिला आणि तिच्या स्पर्धकांना या परीक्षणात एकच प्रश्न विचारला आहे: माल नासेपर्यंत चोराला किती दिवस लांब ठेवता?

आधी चोराची पद्धत बघू. सगळी कबर कुणी उकरत नसे. डोक्याकडच्या बाजूला जेमतेम एक माणूस उतरेल एवढाच खड्डा घ्यायचा. फावडी लाकडी, कारण लोखंडी पातं दगडाला लागलं की खणकन वाजतं. निघालेली माती शेजारी अंथरलेल्या कापडावर टाकायची, म्हणजे सकाळी गवतावर ढेकूळ दिसत नाही. पेटीच्या झाकणाचा डोक्याकडचा तिसरा हिस्सा उघडा पडला की त्याखाली हूक किंवा पहार सरकवून उचकटायचं. उरलेल्या झाकणावर मातीचा भार असतोच, त्यामुळे फळी मधेच मोडते. मोडल्याचा आवाज दबावा म्हणून वर गोणपाट. मग काखेखालून दोर घालून वर ओढायचं. कफन आणि कपडे उतरवून परत पेटीत टाकायचे, कारण प्रेत कायद्यानं कुणाच्याच मालकीचं नव्हतं. ते नेणं हा किरकोळ गुन्हा, पण कफन नेलं तर सरळ चोरी. तासाभरात माती पूर्ववत. घरच्यांनी कबरीवर ठेवलेले शिंपले, दगड, फुलं होती तशी मांडून ठेवण्याइतके हे लोक नेटके होते, कारण त्या खुणाच मुळी कबर हलली का हे कळायला ठेवलेल्या असत.

म्हणजे बचावाची जागा एकच: पेटीचं झाकण. ते मोडता आलं नाही की पुढचं सगळं अडतं.

मॉर्टसेफ १८१६ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये वापरात आलं. त्याचे ढोबळ तीन प्रकार. पहिला म्हणजे ओतीव बिडाचा शवपेटीच्या आकाराचा ठोकळा. ॲबरफॉइलच्या पडक्या चर्चच्या दाराशी असे दोन आजही पडलेले आहेत. आकार पाहून वजनाचा अंदाज येत नाही, म्हणून हिशेब करून बघा. सहा फूट लांब, दीड फूट रुंद आणि नुसता तीन इंच जाड बिडाचा ठोकळा धरला तरी साडेचार क्विंटल भरतो. दोन-तीन माणसं अरुंद खड्ड्यात उभी राहून, अंधारात, आवाज न करता हे हलवू शकत नाहीत. कुलूप नाही, किल्ली नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. कल्पना म्हणून याच्याइतकी साधी वस्तू या बाजारात दुसरी नव्हती. खोट एवढीच, की ठेवतानाही तेच वजन आणि काढतानाही तेच. तिकटी, कप्पी, साखळी आणि गावातली पाच-सहा दणकट माणसं हा खर्च दोन वेळा.

दुसरा प्रकार जास्त डोकं लावून केलेला. पेटीवर भोकं पाडलेली एक लोखंडी प्लेट बसायची. भोकांतून लांब गज खाली सोडायचे. गजांना वर टोपी, त्यामुळे ते आरपार जात नाहीत, आणि पेटीच्या चहूबाजूंनी पिंजरा तयार होतो. आता गज वर उपसले की पिंजरा सुटला, म्हणून त्यांच्या टोप्यांवर दुसरी प्लेट ठेवून ती पहिलीला कुलपांनी जखडायची. मग माती. उघडायला किल्ल्या लागत आणि त्या दोघांकडे असत, एकट्याच्या हातात सगळं नसे. सोसायटीच्या लॉकरला असते तशीच व्यवस्था.

तिसरा म्हणजे ग्रेफ्रायर्सचा कायमचा पिंजरा. तो श्रीमंतांचा. त्याच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. परत काढायचा नसल्यामुळे तो भाड्यानं देता येत नाही, आणि या वस्तूची खरी गंमत भाड्यात आहे.

गरिबाला, अगदी मध्यम शेतकऱ्यालाही एवढं लोखंड विकत घेणं शक्य नव्हतं. मग गावोगावी मंडळं निघाली. सभासदानं वर्षाची वर्गणी भरायची, मंडळानं एक-दोन मॉर्टसेफ घ्यायची, घरात मृत्यू झाला की सभासदाला वापर, बाहेरच्याला भाडं. कुठे चर्चच ती विकत घेऊन भाड्यानं देई. राखणीसाठी निघालेल्या मंडळांपैकी ग्लासगोच्या एकाचे २,००० सभासद होते. मुदत साधारण सहा आठवडे. तेवढ्यात प्रेत शिकवण्याच्या लायकीचं राहत नाही असा हिशेब. मग कबर पुन्हा उकरायची, लोखंड वर काढायचं, पुढच्या घरी. गणपतीच्या मांडवाची भांडी जशी घरोघर फिरतात, तसं हे फिरायचं.

आता उणिवा. पहिली हवामानाची. स्कॉटलंडच्या जानेवारीत जमीन थिजलेली असते आणि कुजण्याची क्रिया रेंगाळते. जुलैतले सहा आठवडे आणि जानेवारीतले सहा आठवडे एक नव्हेत, आणि नेमका जानेवारी हाच गिऱ्हाइकीचा महिना. सरसकट एकच मुदत म्हणजे अर्धी वस्तू ऐन हंगामात हमीबाहेर. दुसरी खोट संख्येची. मंडळाकडे दोन नग असतील आणि पंधरवड्यात तीन माणसं गेली तर तिसऱ्याच्या घरच्यांनी कंदील घेऊन कबरीवर बसायचं. १८३२ मध्ये कॉलरा आला तेव्हा हा हिशेब कुठेच जुळण्यासारखा नव्हता. तिसरी किल्लीची. थडगी खणणाराच फुटला तर कुलूप ही शोभेची वस्तू. या धंद्यात ते लोक सर्रास पैसे घेत. चौथी खोट सहसा कुणी मोजत नाही: दात. मांस सहा आठवड्यांत नासतं, दात नासत नाहीत. कवळ्या बनवणारे दंतवैद्य माणसांचे खरे दात विकत घेत. लोखंड उचललं की दातांची राखण संपली.

तरीही पाचपैकी साडेतीन तारे. सांगितलेलं काम, सांगितलेल्या मुदतीत, बहुतेक वेळा करणारी वस्तू होती.

इंग्लंडनं वेगळा रस्ता घेतला, आणि तो जास्त चकचकीत होता. एडवर्ड ब्रिजमन यानं १८१८ मध्ये लोखंडी शवपेटीचं पेटंट घेतलं. झाकणाच्या आतल्या बाजूला स्प्रिंगच्या खिट्ट्या. झाकण एकदा दाबून बसवलं की खिट्ट्या आत अडकतात आणि बाहेरून हात घालायला फटच राहत नाही. पहारीला टेकू नाही, आणि फळी नसल्यामुळे मोडणारं काही नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या तळघरात अशी पेटी ठेवलेली आहे. दंडगोलाची नाही, लाकडी शवपेटीसारखीच खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती. शेजारी उभं राहिलं की कळतं, ही वस्तू उघडण्यासाठी केलेलीच नव्हती.

यांत्रिक दृष्ट्या मॉर्टसेफपेक्षा सरस. अडली ती कागदावर. लंडनच्या होलबर्न भागातल्या सेंट अँड्र्यूज चर्चनं अशा पेटीतलं दफन नाकारलं आणि १८२०-२१ मध्ये गिल्बर्ट विरुद्ध बझार्ड हा खटला उभा राहिला. न्यायाधीश लॉर्ड स्टोवेल यांचा मुद्दा आजच्या कुठल्याही महापालिकेला पटेल: दफनभूमीतली जागा कुणाला कायमची मिळालेली नसते. एक प्रेत मातीत मिळतं, दुसऱ्याला जागा होते. लाकूड काही वर्षांत जातं, लोखंड जात नाही, मग लोखंडात पुरलेला माणूस शेजाऱ्यांची पाळी अडवून बसतो. निकाल असा की लोखंडी पेटीला बंदी नाही, पण चर्चनं तिच्यासाठी जास्त शुल्क घ्यावं. पेटी आधीच महाग, त्यावर हा भुर्दंड. कारखानदारानं चोराचा विचार केला होता, मातीचा केला नव्हता. मॉर्टसेफ इथे सरळ वरचढ ठरतं, कारण ते परत निघतं.

बाकीचा बाजार पटकन उरकू. पेंढा, काटक्या, हेदरची झुडपं मातीत कालवून खड्डा भरायचा, म्हणजे फावडं अडकत राहतं. खर्च शून्य, उपयोग रात्रीत तास-दोन तास उशीर एवढाच, पण तेवढ्यात उजाडतं. तारेला पाय लागला की उडणाऱ्या बंदुका होत्या. दिवसा शोक करणाऱ्या बायकांच्या वेशात कुणाला तरी पाठवून चोर तारा हेरून ठेवत, आणि १८२७ च्या कायद्यानं असे सापळे लावणंच बंद झालं. पहाऱ्याचे बुरूज बांधले गेले. एडिंबराच्या सेंट कथबर्ट्सचा १८२७ चा गोल बुरूज रस्त्यावरूनच दिसतो. लंडनच्या बर्मंडसी स्ट्रीटवरच्या अशा एका चौकीत आता कॉफी मिळते. पहाऱ्याची अडचण जगभर सारखीच: डिसेंबरच्या रात्री शेकोटी आणि दारू असल्याशिवाय माणूस बसत नाही, आणि दारू असली की जागा राहत नाही.

प्रेतघर हा प्रकार मात्र थांबून पाहावा असा. पुरण्याआधीच प्रेत दगडी कोठीत ठेवून नासू द्यायचं, मग पुरायचं. स्कॉटलंडच्या क्रेलमध्ये १८२६ चं एक आहे, त्यावर ते मृतांच्या सुरक्षेसाठी बांधल्याचं चक्क कोरलेलं आहे. सगळ्यांत देखणं ॲबर्डीनशरमधलं उडनीचं. गोल इमारत, बाहेर जाड ओकचं खिळे मारलेलं दार, आत लोखंडी दार, आणि त्याच्या आत लाकडी फिरता ओटा. सात पेट्या मावतात. नवी पेटी आली की ओटा थोडा फिरवायचा. तिचा फेरा पूर्ण होऊन ती पुन्हा दाराशी येईपर्यंत आतला माल निरुपयोगी झालेला असतो. मुदत तीन महिन्यांपर्यंत, म्हणजे मॉर्टसेफच्या दुप्पट, आणि थंडीचा प्रश्न इथेच सुटतो. कबर दोनदा उकरायला नको, कप्पी नको. या यादीत पाचपैकी पाच द्यावेत अशी ही एकच वस्तू. ती बांधली १८३२ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला तिची गरजच संपवणारा कायदा झाला.

तो कायदा का झाला, हे मॉर्टसेफच्या मूळ दोषाशी जोडलेलं आहे. कितीही वजनदार केलं तरी ते कबरीवर बसतं. विल्यम बर्क आणि विल्यम हेअर यांनी आयुष्यात एकही कबर खणली नाही. एडिंबराच्या टॅनर्स क्लोजमधल्या हेअरच्या लॉजिंगमध्ये एक म्हातारा पेन्शनर ४ पौंड भाडं थकवून आपल्या मरणानं मेला. त्याचं प्रेत त्यांनी नॉक्सच्या माणसांना ७ पौंड १० शिलिंगला विकलं. पुढे मरण्याची वाट बघणं सोडून १८२८ मध्ये त्यांनी सोळा जणांना गुदमरवून मारलं. दफनच नाही, मग लोखंड ठेवायचं कशावर? बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली आणि त्याचंच विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा एडिंबरा विद्यापीठाकडे आहे आणि त्याच्या कातडीची म्हणून दाखवतात ती छोटी वही सर्जन्स हॉल म्युझियममध्ये. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला.

लंडनमध्ये १८३१ साली बिशप, विल्यम्स आणि मे या नावांचे तिघे प्रेतचोर एका मुलाचं प्रेत घेऊन किंग्ज कॉलेजात गेले. मागितल्या १२ गिनी, सौदा ठरला ९ वर. प्रेत पुरल्याची कुठलीच खूण नाही, म्हणजे हा खून असावा, हे तिथे लक्षात आलं. रिचर्ड पार्ट्रिज या शिक्षकानं ५० पौंडांची नोट दाखवून 'सुटे आणतो' म्हणत त्यांना बसवून ठेवलं आणि पोलीस बोलावले. तोवर मुलाचे दात १२ शिलिंगला विकून झाले होते. बिशप आणि विल्यम्स ५ डिसेंबरला फासावर गेले. १८२८ च्या संसदीय समितीपुढे सर्जन ॲस्टली कूपर यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की माणूस कितीही मोठा असो, ठरवलं तर त्याचं प्रेत मी मिळवू शकतो. कायद्यामुळे प्रेत उकरणं थांबत नाही, फक्त भाव चढतो. मॉर्टसेफबद्दलही हेच वाक्य जसंच्या तसं लागू आहे.

१८३२ च्या ॲनाटॉमी ॲक्टनं कुलपाच्या बाजूनं प्रयत्नच सोडला आणि पुरवठा मोकळा केला. ज्याच्या कायदेशीर ताब्यात प्रेत आहे त्याला ते विच्छेदनासाठी देता येईल. अट अशी, की मृतानं स्वतः नकार दिलेला नसावा आणि जवळच्या नातलगानं विच्छेदनाविना दफनाची मागणी केलेली नसावी. मृत्यूनंतर ४८ तास थांबायचं, निरीक्षकाला २४ तास आधी कळवायचं, डॉक्टरचा दाखला जोडायचा, शेवटी रीतसर दफन करायचं आणि त्याचा दाखला प्रेत मिळाल्यापासून सहा आठवड्यांत निरीक्षकाकडे पोचवायचा. सहा आठवडे! मॉर्टसेफचीच मुदत, फक्त आता ती टेबलावर मोजायची. १८७१ च्या दुरुस्तीनं ती वाढवायची सोयही झाली.

सेवा म्हणून पाहिलं तर ही कमालीची यशस्वी. कबरी उकरणं बंद पडलं, मॉर्टसेफं गंजत पडली. पण 'कायदेशीर ताबा' कोणाचा? वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या सरकारी घराच्या, मास्तरचा. म्हणजे माल आता फक्त गरिबाच्या घरचा, आणि त्याच्यासाठी भाड्याचं लोखंड नव्हतं. लंडनच्या न्यूइंग्टन वर्कहाऊसचा मास्तर आल्फ्रेड फाइस्ट यानं अंत्यविधीवाल्याशी संगनमत केलं. नातलगांसमोर अंत्ययात्रेचं सगळं नाटक यथासांग व्हायचं आणि प्रेत जायचं गाईज हॉस्पिटलला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते इतकं शब्दशः क्वचितच घडतं. १८५८ मध्ये त्याला दोषी ठरवलं, पण वरच्या न्यायालयानं ते रद्द केलं. कारण काय, तर नातलगांनी 'विच्छेदन करू नका' अशी मागणी केलीच नव्हती. फसवणूक चालू असताना ती मागणी करावी हे त्यांना कळणार कसं, हा प्रश्न कायद्याच्या चौकटीत बसला नाही. एक तारा, आणि तोही कागदपत्रांसाठी. बेवारस प्रेत शिक्षणाला, हे तत्त्व आपल्याकडेही आलं. १९४९ चा मुंबई ॲनाटॉमी ॲक्ट त्याच वळणाचा.

त्या कागदपत्रांचा एक उपयोग पन्नासेक वर्षांनी समोर आला. लंडनच्या टेम्स नदीत आणि तिच्या काठांवर स्त्रियांच्या शरीराचे तुकडे सापडू लागले, तेव्हा पहिली शंका असे विच्छेदनगृहाची: विद्यार्थ्यांचा वाह्यातपणा तर नाही? विच्छेदनाला आलेल्या प्रेतांची नोंद असल्यामुळे ही शंका तपासता येई. मे-जून १८८७ मध्ये रेनहॅमला आणि पुढे कालव्यात एका स्त्रीचे तुकडे मिळाले. ११ सप्टेंबर १८८८ रोजी पिम्लिकोजवळ चिखलात एक हात मिळाला, आणि २ ऑक्टोबरला त्याच शरीराचं धड मिळालं ते पोलिसांच्याच नव्या मुख्यालयाचं बांधकाम चालू असलेल्या तळघरात. जून १८८९ मध्ये एलिझाबेथ जॅक्सन. या मालिकेत ओळख पटलेली ती एकटीच.

सर्जन थॉमस बाँड यांनी रेनहॅमच्या बाबतीत सांगितलं, की कापणाऱ्याला सांधे कुठे आहेत ते माहीत होतं, पण हे विच्छेदनासाठी कापलेलं नाही. फरक डोळ्यांना दिसणारा आहे. विच्छेदनगृहात शरीर थरांनी उलगडतात, आधी कातडी, मग चरबी, मग स्नायू, मग नसा सोडवत न्यायच्या. गाठोड्यात बांधून फेकायचं असेल तर सांध्यातून सरळ सुरी घालतात. एकाही प्रकरणात डोकं सापडलं नाही, कुणाला शिक्षा झाली नाही.

१० सप्टेंबर १८८९ च्या पहाटे व्हाइटचॅपलच्या पिंचिन स्ट्रीटवर रेल्वेच्या कमानीखाली एका शिपायाला डोकं आणि पाय नसलेलं धड दिसलं. ते पुरताना केलेली पेटी या परीक्षणातली शेवटची वस्तू, आणि उरलेल्या सगळ्यांच्या बरोबर उलटी. इथे कुजणं टाळायचं होतं, म्हणजे पुढेमागे ओळख पटवायची वेळ आली तर तपासता यावं. म्हणून धड स्पिरिटनं भरलेल्या बंद डब्यात, डबा लाकडी पेटीत, आणि पेटी ऑक्टोबरमध्ये ईस्ट लंडन सिमेटरीत. कुलूप नाही, गज नाहीत, वर वजन नाही. पेटीवर एक पाटी, तिच्यावर एवढंच: आत पिंचिन स्ट्रीटवर सापडलेल्या एका अनोळखी स्त्रीचं शरीर आहे, आणि सापडल्याची तारीख.